चारी शब्द घालून बघा

दर रविवारी दोन तास क्लासच्या ओट्यावर बसायचं म्हटल्यावर किस्से साठणारच! पोरं आत, आम्ही आया बाहेर. खिडकी उघडीच असते, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येतं. माझी सानिका पाचवीत आहे. तिला निवासी शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी आम्ही गावाहून एस.टी.नं तालुक्याला, जतला येतो. जागा थोड्या आणि पोरं लय. एका मार्कानं नंबर जातो म्हणतात. हे ऐकल्यापासून मी एकेक मार्क मोजते.

*

पहिल्याच दिवशी सरांनी गाळलेल्या जागा कशा भरायच्या ते सांगितलं.

"दिसला शब्द की टिक करू नका. आधी अख्खं वाक्य वाचा. मग चारी शब्द एकेक करून घालून बघा."

शाहीनभाभी टेलरिंग करते. तिचा अयानपण याच क्लासला. तिनं खिडकीतूनच आवाज दिला, "म्हणजे ट्रायलच की ओ सर! घालून बघितल्याबिगर गिऱ्हाईक ब्लाऊज नेतंय व्हय?"

सर म्हणाले, "मला एवढं सोपं करून सांगता आलं नसतं, भाभी!"

*

पुढच्याच आठवड्यात भाभीच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, फोन आला. "आज मी जरा..." एवढंच बोलले आणि रेंज गेली.

भाभीनं सरांची रीत लावली. लवकर येतो? उशिरा येतो? जेवून येतो? पाहुणे घेऊन येतो? चारी घालून बघितले आणि सगळ्यात अवघड तो धरला. सहा जणांची बिर्याणी टाकली!

मालक एकटेच आले. जेवून!

*

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. सगळा जन्म मेंढरामागं गेला.

एकदा सानिका वाचत होती, "वाट ______ होती, म्हणून आम्ही एकामागे एक चाललो." पर्याय होते लांब, जुनी, अरुंद, उंच. मी चटकन म्हटलं, "लांब."

आत्या शेळीची धार काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लांब वाटंला मेंढरं पसरून चालत्यात गं. एकामागं एक कवा? वाट चिंचोळी असली तवा!"

उत्तर वाक्याच्या शेपटीत होतं. मी शेपटीपर्यंत गेलेच नव्हते.

*

मग तो विहिरीचा प्रश्न आला. "उन्हाळ्यात विहिरीचे पाणी ______." आटते, वाढते, गोठते, उकळते.

सानिकानं मला विचारलं. या खेपेला मी चारी शब्द घालून बघितले आणि म्हटलं, "वाढते." आमच्या गावात विहीर उन्हाळ्यातच भरते. टँकर येऊन तिच्यातच रिकामा होतो! पावसाळा लागला की टँकर बंद, मग तळ दिसतो.

सरांनी लाल फुली मारली. सानिका म्हणाली, "आईनं सांगितलंय."

सर हसले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या गावापुरतं बरोबर आहे. पण पेपर काढणारा तुमच्या गावचा नाही."

माझ्या डोक्यात एकच, माझ्यामुळं पोरीचा मार्क गेला. परीक्षेत असंच झालं तर? त्या दिवसापासून मी तिच्या अभ्यासाला बसायचं सोडलं. ती वही घेऊन आली की मी म्हणायचे, "तुझं तू वाच बाई. मला काय कळतंय?"

*

गेल्या रविवारी सरांनी उलटा गृहपाठ दिला होता. प्रश्न पोरांनी काढून आणायचा. सानिका उभी राहून वाचायला लागली.

"माझी आई सातवी शिकली आहे, गाळलेली जागा, ती आता माझ्याजवळ बसत नाही. पर्याय, म्हणून, पण, तरी, आणि."

"उत्तर?" सरांनी विचारलं.

"मला येत न्हाई, सर. आईला विचारा."

शाहीनभाभीनं मला कोपरानं ढोसलं, "बघ की घालून!"

मी एकेक शब्द घालून बघितला. कुठलाही घातला तरी वाक्याची शेपटी तीच, "बसत नाही." चौथा झाल्यावर उठले, चप्पल दारात काढली आणि आत गेले.

"सरक जरा," मी सानिकाला म्हटलं.