बाभळीच्या काट्यावरचं गाणं

माझी आत्या तरुणपणी जलशात गायची. तेव्हा नागपूरला जाऊन तिनं एक रेकॉर्डही भरली होती. काळी, लाखेची, जड, वरचा नावाचा कागद कधीचाच निघून गेलेला. ती आमच्या घरी गोधड्यांच्या पेटीत असायची, कारण वाजवायला घरात काही नव्हतंच. ते गाणं मी आत्याच्या तोंडूनच ऐकलेलं, शेतात निंदताना नाहीतर भाकरी थापताना.

सत्तरनंतरच्या एका वर्षी आसेगावजवळच्या आमच्या वस्तीत जयंतीसाठी बाहेरची गायनपार्टी ठरली. पार्टीचा म्होरक्या आधी तालमीला आला, आणि तिथंच त्यानं आत्याचंच गाणं स्वतःचं म्हणून म्हटलं! आत्या ताडकन उठली. "हे गानं माहं हाय."

जयंतीच्या कमिटीचा सेक्रेटरी आमच्यातलाच पोट्टा, तरी दात काढून हसला. "पुरावा दाखवा न, आत्याबाई."

मी रेकॉर्ड घेऊन लाऊडस्पीकरवाल्याकडे गेले. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "हे जुन्या जमान्याची हाय. माह्या मशीनची पिन मोडून जाईन. भंगारात द्या."

"भंगारात तू जाय!" मी म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाणं चोरणारा पाहुणा, आणि जिचं गाणं ती खोटी? मग मी बस पकडून शिरपूरला गेले. तिथं यात्रेकरूंसाठी एक जुनं हॉटेल होतं, त्यात पूर्वी चावीचा ग्रामोफोन वाजायचा. मालकानं तो माळ्यावरून काढून दिला. पेटीत त्यानं लाल मिरच्या भरून ठेवल्या होत्या. "घेऊन जा बाई, पन आनून द्या." येताना अख्खी बस शिंकत होती आणि मला शिव्या घालत होती. घातल्या तर घातल्या.

घरी रॉकेलनं पुसून, शिवणयंत्राचं तेल सोडून चावी दिली, तर तबकडी फिरली. पण पिन? वाशीमचा दुकानदार म्हणाला, अशा पिना आता कोणी ठेवत नाही. मी रडकुंडीला आले.

"काहून रडून राह्यली?" आत्या म्हणाली. "बाभळी मेल्या काय?" लढाईच्या काळात पिना मिळत नव्हत्या तेव्हा लोक काट्यावरच वाजवायचे म्हणे. तिनं बांधावरून वाळलेला, टणक काटा आणला, बेतानं तोडला आणि पिनेच्या जागी आवळला.

"लावून पाहू न," मी म्हटलं.

"इथं कोनाले आयकवू? तुले तं पाठ हाय."

जयंतीच्या दिवशी मी ग्रामोफोनची पेटी थेट स्टेजवर, माइकपुढे ठेवली. सेक्रेटरी धावत आला. "हात लावून दाखव," मी म्हटलं. नाही लावला त्यानं. काटा टेकला, खरखर झाली आणि आवाज आला. बाप्पा! कोवळा, धारदार. मागची माणसं पुढं सरकली.

"आवाज ह्याच बाईंचा कशावरून?" म्होरक्या म्हणाला.

तेवढ्यात दुसऱ्या कडव्यात स्प्रिंग ढिली पडली. आवाज बसत बसत एखाद्या म्हाताऱ्यासारखा घोगरा झाला. लोक हसायला लागले. मी चावीकडे झेपावले, तर आत्यानं माझं मनगट धरलं. "चावी देऊ नोको."

तिनं काटा उचलला आणि ज्या शब्दावर रेकॉर्ड अडली होती तिथूनच गाणं उचललं. दात पडलेले, केस पांढरे, पण आवाज तोच. तीच मुरकी, तीच फेक. कोणी हसलं नाही. पार्टीच्या हार्मोनियमवाल्यानं तर न सांगता तिचा सूर धरला. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत.

गाणं संपलं. आत्यानं माइक म्होरक्यापुढे केला. "आता तुमी म्हना. आमचं काई म्हननं नाई. पन कोनाचं हाय ते सांगून म्हना."

तो खाली मान घालून पुटपुटला. आत्याचं पूर्ण नाव मी माइकवर पहिल्यांदाच ऐकलं.

"आयकू नाई आलं," आत्या म्हणाली. "जोरानं सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं.