एनिडबाईंचा दुकानचा केक

स्केल्बी गावच्या एनिड थ्वेटबाईंना कोर्टात ज्युरीवर बसून निकाल द्यायचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने बजावलं, "यातलं मला काही बोलता यायचं नाही." आणि मग तासभर बोलल्या.

खटला कीथ हॅडो नावाच्या पोराचा. चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे चोरल्याचा आरोप. पुरावा म्हणजे एका म्हाताऱ्याने तिन्हीसांजेला रस्त्यापलीकडून पाहिलेली एक पाठ. ती कीथचीच, असं त्याचं म्हणणं. कीथने याआधी काही केलं होतं का, हे ज्युरीला कुणी सांगितलं नाही. पण न सांगितलेलं एनिडबाईंना जरा जास्तच ऐकू येई.

ज्युरीच्या खोलीत किटली तापेपर्यंत बाईंचा निकाल तयार होता.

"अहो, पोरगा स्वच्छ असता तर त्याच्या वकिलाने आल्या आल्या सांगितलं असतं. तो वकील केसांचा टोप घालून मूग गिळून बसलाय, म्हणजे मागे काहीतरी आहेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

दहा जणांनी माना डोलावल्या. वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. बाईंनी खूश होऊन डबा उघडला. आत जॅम भरलेला स्पंज केक होता, सकाळी उठून केलेला.

बारावे होते क्लिफर्ड पास्क, बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी केककडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुम्ही स्केल्बीच्या ना? गावच्या प्रदर्शनात दुकानचा केक ठेवून पहिलं बक्षीस मारलं होतं, त्या थ्वेटबाई?"

"तीस वर्षं झाली त्याला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी ओव्हन बिघडला होता."

"असेल, असेल. मग हा कुठल्या दुकानातला?"

सगळे हसले. बाईंना मात्र हसू येईना. त्या एका खेपेनंतर प्रत्येक केक त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता. आणि दरवर्षी परीक्षक आधी तो उचलून बुडाशी दुकानचा कागद शोधत, मग उगाच एक कण जिभेवर ठेवून पुढे सरकत. बाईंना ते फार लागायचं. आजही लागलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्या म्हाताऱ्याने तोंड पाहिलं का हो?"

"तोंड नाही. पाठ," पास्क म्हणाले.

"मग नुसत्या पाठीवर मी पोराला तुरुंगात धाडायची नाही. मागचं काय असेल ते असो."

"अहो, मघाशी तर तुम्हीच म्हणालात..." दहांपैकी एकजण म्हणाला.

"मघाशी चुकले. चहा ओता."

बाकीच्यांना वळवण्यात दुपार गेली. शेवटी त्याच दहा माना पुन्हा डोलल्या, आणि कीथ निर्दोष सुटला.

संध्याकाळी बसथांब्यावर तो नेमका बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. 'बाबा रे, याआधी काय केलं होतंस?' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि डबा पुढे केला.

कीथने तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"फार सुरेख झालाय हो," तो मनापासून म्हणाला. "अगदी दुकानातल्यासारखा."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडून त्याला आणखी एक तुकडा दिला.