धसईच्या माळावरचं वलय

आमच्या घरात सुट्टी कधी घ्यायची हे आकाश ठरवतं, म्हणून होळीनंतर आम्ही पुन्हा धसईला निघालो. ईटा कॅरिनी नावाचा एक अवाढव्य तारा आहे. तो अधूनमधून उसळतो आणि अंगचा वायू बाहेर फेकतो. त्या वायूची वलयं अजून पसरतायत. ती किती लांब गेलीत आणि किती वेगानं, हे कळलं की उलटं मोजत जुन्या उद्रेकापर्यंत पोचता येतं. मला एवढंच समजलंय, पुढचं सगळं डोक्यावरून जातं. गेल्या वर्षी इथूनच काढलेल्या फोटोत माझ्या नवऱ्याला, मंदारला, सगळ्या वलयांच्या बाहेर आणखी एक फिकट वलय दिसलं. म्हणजे कुणालाच ठाऊक नसलेला उद्रेक! आकाशप्रेमी मंडळात त्यावर त्याचं भाषण ठरलं होतं. त्याआधी खात्री हवी होती.

मुरबाडपर्यंत रस्ता चांगला, पुढे धसईपर्यंत वळणं आणि खड्डे. एसटीनंही जाता येतं. आम्ही काशिनाथदादांकडे उतरतो, कारण हा तारा आपल्याकडे क्षितिजाच्या जेमतेम वर येतो आणि त्यांच्या अंगणातून दक्षिण मोकळी आहे. गरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हाणून दुर्बीण लावली, तर समोर धूर.

"राब भाजतात," दादा म्हणाले. भाताची रोपं जिथं करायची, तिथं शेण, पालापाचोळा पसरून आधी जाळतात. "दरवर्षी याच टायमाला."

"मागच्या वर्षी आम्ही आलो तेव्हाही?"

"तवा तर आमचाच धुमसत व्हता ना, वैनी!"

धुराचा वास तेव्हा मलाही आला होता. मी तो चुलीचा समजले.

"अरे, धुरातून बघितलं तर ताऱ्याभोवती वलय दिसतं का?" मी मंदारला विचारलं.

"दिसतं," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला. मला फार वाईट वाटलं.

दादांनाही वाटलं असावं. "उद्या आमी नाय भाजत. पन वरल्या पाड्याचं आमच्या हातात नाय."

दुसऱ्या संध्याकाळी वरच्या पाड्यावरही कुणी भाजलं नाही. फोटोत वलय नव्हतं. चला, निकाल लागला, असं मी म्हणतेय तोवर मंदार म्हणाला, आज हवाच इतकी धूसर आहे की खरं असतं तरी उमटलं नसतं. मग होतं की नव्हतं? त्यानं मान हलवली, ती होकाराची की नकाराची तेही मला कळेना.

घरी आलो तरी माझा गोंधळ तसाच होता. मंदारच्या गोंधळाचं काय झालं, हे भाषणाच्या दिवशी कळलं. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, राबाची गोष्ट सांगितली. मागून एका आजोबांनी विचारलं, "मग उद्रेक झाला होता की नाही?"

"माहीत नाही," मंदार म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.