कुलपाचा आकडा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात संगणक आला. तो सांभाळायला दोघेच होतो, मी आणि माझ्याहून मोठा, पवनीचा एक सहकारी. त्याला मी भाऊ म्हणायचो. भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता.

पुरवठादारानं एकदा कर्नल, म्हणजे यंत्राची मूळ प्रणाली, बदलून दिली. त्यानंतर नोंदी बिघडू लागल्या. एक प्रोग्रॅम नोंद लिहीत असताना दुसरा मध्ये घुसू नये म्हणून फाईलला कुलूप लागायला हवं. भाऊनं ती सोय केलेली होती, तरी कुलूप लागेना. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, यंत्र ठीक आहे, लिहिणाराच चुकला. साहेबांनी ते मानलं आणि भाऊला भांडारात पाठवलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मीच कुठंतरी चुकलो असन. मले दिसून नाही राहिलं."

दिवाळीनंतर कारण मला सापडलं. प्रोग्रॅमचं म्हणणं कर्नलपर्यंत लायब्ररी, म्हणजे यंत्रातला तयार आज्ञांचा साठा, पोहोचवते, आणि प्रत्येक आज्ञेचा आकडा दोन्हींत सारखाच असावा लागतो. नव्या कर्नलमध्ये कुलपाचे आकडे बदलले होते, लायब्ररी मात्र जुनीच होती. ती ज्या आकड्यानं 'कुलूप लाव' सांगायची, तो कर्नलला 'कुलूप काढ' असा कळायचा. भाऊचं एक अक्षरही चुकलं नव्हतं.

मी भांडारात जाऊन त्याला घेऊन आलो, पडद्यावर दोन्हीकडच्या ओळी दाखवल्या. त्याला लगेच कळलं. तो बराच वेळ डोळे पुसत बसला. साहेबांनी त्याला परत घेतलं. झालं ते चुकलं, असं कोणी म्हणालं नाही.

पण भाऊ पहिल्यासारखा राहिला नव्हता. साधी बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला तरी हातानं पडताळायचा, मग मला तपासायला लावायचा. बरोबर आहे म्हटलं तरी त्याला पटायचं नाही. उन्हाळ्यात त्यानं स्वतःहूनच भांडारात परत जायचं ठरवलं.

"आता तर सगळं समोर आलं," मी म्हटलं. "मग तुमी काहून चालले?"

"तुले समजलं, साहेबाले समजलं. पण इतके दिवस मी माह्याच डोक्यावर शंका घेत होतो. ते आता थांबत नाही रे. इथं बसलो का छाती धडधडते."

पुढे मी नागपूरला नोकरी धरली. बसस्टँडवर पोचवायला भाऊ आला होता. तिथं कोणतं यंत्र आहे, हे त्यानं विचारलं नाही. पवनीले घरी ये एखाद्यावेळी, म्हणाला, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.