दत्तारामच्या उंदरिणी

शांती नगरात आमच्या शेजारी दत्ताराम राहायचा. हाटकेश भागातल्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत तो उंदीर सांभाळायचा. पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं आणि रोज सकाळी एकेका उंदरिणीची तपासणी करून तिचं पाळीसारखं चक्र वहीत लिहायचं. सोसायटीतले लोक त्याला ‘उंदीरमामा’ म्हणत. तो नुसता हसायचा. राग मला येतो, तोही आजपर्यंत.

ब्याण्णव साली त्याची मुलगी निशिगंधा एकोणीस वर्षांची होती. त्याची थोरली बहीण विमलाबाई दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून येऊन त्यांच्याकडेच राहिली होती. तिच्या सोवळ्यापायी त्या दीड खोलीच्या घरातही पोरीला महिन्याचे चार दिवस दाराजवळच्या चटईवर बसावं लागे. पोरगी कधी बसली हे अख्ख्या मजल्याला कळायचं, आणि नाही बसली तेही. त्या वर्षी पाच महिने चटई गुंडाळलेलीच राहिली. आमच्या जिभेला हाड नव्हतं. हो, मीही बोलले, खोटं कशाला सांगू.

एके दिवशी विमलाबाई माझ्यादेखत म्हणाल्या, “दत्ता, पोरीचं पाऊल घसरलंय. गावाला नेऊन सोड तिला.”

निशिगंधा रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खाली बघितलं.

दत्ताराम म्हणाला, “आक्का, बायकांचा एक आजार समजायला आमच्याकडे उंदरिणींना हार्मोनचं इंजेक्शन देतात. दोन महिन्यांत चक्र थांबतं, अंडाशयात पाण्याचे फोड होतात. त्या पिंजऱ्यात एक पण नर नाय. मग त्यांचं पाऊल कुठं घसरलं, सांग ना.”

दुसऱ्या दिवशी तो पोरीला काशीमीऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. विमलाबाई आणि मीही गेलो. बाईंनी आधीच्या पाळ्यांच्या तारखा विचारल्या. निशिगंधाला आठवेनात.

विमलाबाईंना मात्र सगळं पाठ होतं. “पाडव्याच्या आदल्या दिवशी बसलेली. त्याच्या आधी संक्रांतीला. त्याच्या आधी नवरात्रात, घट बसले त्याच दिवशी.” दोन वर्षांचा हिशेब त्यांनी घडाघडा सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. “एवढं लक्ष होतं, तर दोन वर्षं हिला आणलं का नाही?”

मग दत्ताराम हळूच म्हणाला, “आमच्याकडे उंदरिणीच्या चक्राची एक फेरी चुकली, तर साहेब स्वतः बघायला येतात.”