आत्याने पास केलेला ब्राउझर

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. नुकती लागलेली पोरं तर म्हणतच, पण तिच्याहून वयाने मोठा असलेला प्रमुखही म्हणे. प्रत्येक घराण्यात सगळ्या जुन्या नातेवाइकांची खबर ठेवणारी कुणी एक असते ना, तशी ही. फक्त हिचे नातेवाईक म्हणजे जुनाट यंत्रं. ऑफिस ब्राउझर बनवायचं, आणि नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाण्याआधी तिला 'पास' म्हणायचं काम आत्याकडे होतं. तिच्या फडताळात पिवळे पडलेले प्रिंटर होते, राउटर होते, एक वजनकाटासुद्धा होता; सगळी ब्राउझरमधून उघडणारी. नवी आवृत्ती आली की एकेकाला वायर जोडून ती विचारायची, "काय रे, पटतंय का हिच्याशी?" हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ब्राउझर कितीही देखणा असला, तरी समोरच्याशी बोलण्याची रीत जुळली नाही तर तो कोरं पान दाखवत बसतो, आणि त्याची काळजी एकटी आत्या करायची.

त्या रीतीलाच प्रोटोकॉल म्हणतात. ब्राउझरने कसं मागायचं आणि पलीकडच्याने उत्तराआधी काय सांगायचं, हे आधीच ठरलेलं असतं. आजचं यंत्र आधी ओळख देतं: मागितलेलं सापडलं, हे पान आहे, चित्र नाही. अगदी सुरुवातीच्या काळात ही भानगडच नव्हती. विचारलं की यंत्राने सरळ मजकूर ओतायचा. ब्राउझर इतकी वर्षं तेही चालवून घेत होता. पण त्याच वाटेने भलतंसलतं घुसवता येतं हे लक्षात आल्यावर प्रमुखाने ठरवलं, यापुढे ओळख न देणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं.

आत्याला घरचंच एक यंत्र आठवलं. ओळख न देता बोलणारी एक पेटी तिच्या धाकट्या भावाच्या रोपवाटिकेत, काचघरात होती.

त्यांचे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. म्हातारपणी त्यांनी ती पेटी स्वतःच्या हाताने जोडली होती. भाऊ सकाळी घरातूनच ब्राउझरमध्ये ती उघडायचा. काचघरातलं तापमान दिसायचं आणि खाली बाबांनी घालून ठेवलेली एक ओळ. ऊब असली की 'ठीक आहे'. गारवा आला की 'झोपलायस काय? हीटर लाव.' बाबा गेले, पण पेटीचं दटावणं चालूच होतं.

"आत्या, तुमच्या म्हाताऱ्यांपैकी कुणाची हरकत?" प्रमुखाने विचारलं. तिने नुसती नकाराची मान हलवली असती तरी आवृत्ती अडली असती, एवढं तिच्या शब्दाला वजन होतं.

"एकाची आहे," ती म्हणाली. "पण ते घरचं आहे. त्याचं मी बघते. पास."

घरच्या एका पेटीसाठी लाखो लोकांची दारं उघडी टाकायला तिचं मन धजलं नाही. हे असं वागायला मोठी छाती लागते.

रविवारी ती भावाकडे गेली आणि सगळं त्याच्या कानावर घातलं.

"म्हणजे बाबांचं तोंड तू बंद केलंस," तो म्हणाला.

"पेटी बोलेलच रे. नवा ब्राउझर ऐकणार नाही."

"मग मी जुनाच ठेवतो."

"त्याच कॉम्प्युटरवरून तू बँकेचे व्यवहार करतोस. नको."

भावाने तोंड फिरवलं ते फिरवलंच. फोनही उचलेना. आत्या मात्र दर रविवारी जात राहिली. चहाचंही कुणी विचारलं नाही तरी काचघरात बैठक मारून बसायची. बाबांच्या पेटीचा एकही स्क्रू तिने काढला नाही. शेजारी एक छोटी डबी जोडली. पेटीने आपल्या जुन्या रीतीने बोलायचं, डबीने ऐकायचं, आधी नव्या रीतीने ओळख सांगायची आणि मग बाबांचा मजकूर अक्षरही न बदलता पुढे द्यायचा. पहिल्यांदा आत्या तोंडावरच पडली. डबी तापमान ऐकून थांबायची आणि बाबांची ओळ गाळायची. शेवटी नव्या ब्राउझरमध्ये एकदाचं 'ठीक आहे' उमटलं.

भावाने पडद्याकडे बघून नाक मुरडलं. "हे तूच लिहिलंयस."

त्यावर तिच्याकडे काही पुरावा नव्हता. ती रडवेली होऊन घरी आली.

मग कडाक्याची थंडी पडली, इतकी की तशी कुणी पाहिली नव्हती. सकाळीच भावाचा फोन आला.

"ताई, खरं सांग. तू त्या डबीत काय काय लिहिलंस?"

"एक शब्दही नाही. का रे?"

भाऊ वाचून दाखवल्यासारखं म्हणाला, "'हीटर दोन्ही लाव. आणि आधी स्वतः स्वेटर घाल, गाढवा.' हे बाबांचंच गं, पण कधी आलंच नव्हतं. एवढी थंडीच कधी पडली नव्हती."

आत्याचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"मग? घातलास का?"

"घालतोय," भाऊ म्हणाला.