शारिकची बारावी लढाई

उदगीरला आमच्या शेजारी शारिक राहतो, मोबाईल दुरुस्तीवाला. वय छत्तीस, पण व्हिडिओ गेमचं याड पोरासारखं. डोंगराएवढ्या रोबोटांच्या मारामारीचा एक जपानी खेळ त्यानं कवाच संपवला व्हता. आता त्याच खेळाच्या बारा नव्या लढायांची डिस्क त्यानं जपानहून मागवली. मी चिडवलं, "निकाहाच्या दिवशी बी तुझं तोंड एवढं खुललं नव्हतं रे."

सगळं जपानीत. त्याला एवढंच ठावं, की गोल बटन म्हंजे हो अन् फुली म्हंजे न्हाई.

त्याच्या बोटातली ताकद जात चाललीय. लातूरचा डॉक्टर म्हणला, हे दुखणं बोटांतून वर हातात चढत जाणार, औषध न्हाई. दुकान बंद झालं. हात चालतात तवर बारा लढाया जिंकायच्या, एवढीच त्याची जिद्द उरली.

अकरा जिंकला. बाराव्याला उजवा अंगठा उठंना. मग त्याची बायको शबाना रिमोटच्या त्या बाजूची बटनं दाबू लागली. तो "आता" म्हणायचा, अन् ती दाबंपर्यंत रोबोट आडवा. "भाकरी थापताना तर लई हात चालतो तुझा," मी म्हणायची. दोघं हसायचे.

काल दुपारी रोबोट पुन्हा पडला. पुन्हा लढायचं का, असं पडद्यानं विचारलं. शारिकचा डावा अंगठा बी उठत नव्हता.

शबानानं रिमोट त्याच्या मांडीवरून आपल्या हातात घेतला. "फुली दाबू?"

"गोल दाब," तो म्हणला. "मी सांगतो, तू लढ."